जुनी 14 फुटी बोट आणि पंचवीसचं टू-स्ट्रोक: तापीवर वापरल्यानंतर

जुनी बोट बघायला गेलेला माणूस आधी बॉडीवर हात फिरवतो, रंग बघतो, सीट दाबून बघतो. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. माझं म्हणणं, बॉडी शेवटी बघा. इंजिन पाण्यात नाहीतर ड्रममध्ये चालू करायला लावा आणि इंजिन थंड करून मागून पाण्याची जी बारीक धार उडते तिच्याकडे चहा पिऊन होईपर्यंत बघत बसा. जोरात येते का, मध्येच तुटते का, हाताला कोमट लागते की चटका देते. रेस वाढवल्यावर धार वाढली नाही तर पैसे खिशातच ठेवा. तापीवरच्या सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजच्या पाण्यात बोट फिरवायची असेल तर बाकी सगळं त्या धारेनंतर.

आमची बोट सुरतकडून आणलेली. 14 फुटी फायबर, रुंद बुडाची, मागे जपानी 25 हॉर्सपॉवरचं ओबीएम, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन, ट्रेलरसकट. नव्या बुलेटपेक्षा थोडे कमीच पडले. घेताना मागच्या फळीवर पेचकसाच्या मुठीने ठोकून बघितलं होतं. टणटण वाजलं तर आतलं प्लायवुड कोरडं, भदभद वाजलं तर ते पाणी प्यालेलं; मग इंजिनाचं वजन ती फळी फार दिवस पेलत नाही. आमची टणटण वाजली. इंजिनाचं बिल मागून घ्या, नोंदणीचा कागदही बघा. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय, इंजिनाच्या बोटीला नोंदणी लागते. आमच्या विकणाऱ्याने कागदांच्या नावाखाली एक झेरॉक्स आणि भरपूर गोड बोलणं दिलं. त्या कागदांसाठी किती हेलपाटे घातले, ते लिहीत बसत नाही.

मासेमारीसाठी बोट झकास. रुंद असल्यामुळे दोघं एकाच बाजूला उभे राहिले तरी कलत नाही. इंजिन लांबच बंद करायचं, वल्ह्याने जागेवर यायचं, नांगर अलगद सोडायचा. रोहू-कटल्याला पिठाच्या गोळ्या, आणि कडेच्या गवताजवळ मरळ. जिथे मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो तिथे आधी विचारा, पावती घ्या. ते लोक माशांचं बीज सोडतात, आपण रविवारी गळ टाकून मोकळे होतो.

पोरांना बसवून ओढायला मागे हवेची ट्यूब बांधली. पंचवीसमध्ये एक पोरगं मस्त उडतं. मोठा माणूस बसला की बोट नाक वर करून नुसती ओढत राहते. मेहुण्यांना बसवून बघितलं, ते पाण्यात अर्धे बुडून पुढे सरकत होते आणि वरून मला वेग वाढवायला सांगत होते. दोर इंजिनाला बांधू नका, मागच्या फळीच्या दोन्ही कड्यांना बांधा. चालवणाऱ्याच्या मनगटाला किल-स्विचची दोरी हवी, म्हणजे तो पडला तर इंजिन बंद होतं, आणि मागे बघायला वेगळा माणूस हवा. लाइफ जॅकेटवर आमच्या घरात वाद होत नाही. नाही घातलं तर बोट निघत नाही.

आता इंजिन. पावसाळ्यानंतर पाणी निवळलं असं वाटून बोट टाकली. भाचा ट्यूबवर, मी जोरात, आणि इंजिनाची ताकद हळूहळू गेली. मागे बघतो तर धार गायब. लगेच बंद केलं म्हणून वाचलं, नाहीतर पिस्टन धरला असता. भर उन्हात वल्ही मारत काठ गाठला.

आत रबराचं एक पंख्यासारखं चाक असतं, इंपेलर. ते पाणी वर ढकलून इंजिन थंड ठेवतं. तापीचा गाळ म्हणजे काळ्या मातीचा, त्यात बारीक वाळू. चाकाचे पंख झिजतात, तुटतात, आणि तुटलेले तुकडे पाणी वर जायच्या वाटांमध्ये जाऊन अडकतात. आपल्याकडे ओबीएमचा मेकॅनिक नाही, म्हणून खालचा भाग खोलून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मुंबईच्या एका वर्कशॉपला पाठवला. इंजिन आधी खाडीत चाललेलं, एक बोल्ट मिठाने इतका धरलेला की खोलताना तुटलाच. त्यांनी नवीन चाक टाकलं, बिल लावलं. काही आठवड्यांत धार पुन्हा मरतुकडी. पुन्हा पाठवलं, पुन्हा चाक, पुन्हा बिल, वर उपदेश: "तुम्ही गाळात चालवता." अहो, तापीत गाळ नाही तर काय केशर असणार? चाकाभोवतीची वाटी तपासली का विचारलं, तर "तिला काही होत नाही" म्हणाले. त्या रागात बोट विकायची जाहिरात लिहूनसुद्धा ठेवली होती.

इथपर्यंतचं होळीच्या आधी लिहिलेलं. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली आणि मत बदललंय, म्हणून वरचं तसंच ठेवून पुढे लिहितो.

शहाद्याला आमच्या शेतातल्या सबमर्सिबलचं काम करणारा एक मिस्त्री आहे. पंप न्यायला गेलो तेव्हा ओबीएमचा खालचा भाग गाडीत होता, सहज दाखवला. त्याने आतली स्टीलची वाटी काढली, नख फिरवलं आणि म्हणाला, "नवं रबर टाकीसन काय व्हई? वाटी घसाई जायेल शे." मीही नख फिरवून बघितलं. गोल गोल चर पडलेले, नख अडकत होतं. खालच्या पत्र्यावरही तेच. रबर कितीही नवं असलं तरी चरांमधून पाणी मागे पळतं, वर दाब येत नाही. बोअरमधून वाळू खाल्लेले पंप हा माणूस रोज उघडतो, त्याला ओबीएम कुठल्या कंपनीचं याच्याशी देणंघेणं नाही. मुंबईकडून वाटी, पत्रा आणि चाक असा पूर्ण संच मागवला, याने बसवला, थर्मोस्टॅटमधून जुने रबराचे तुकडे चिमट्याने काढले. मजुरी इतकी कमी सांगितली की मलाच जास्त द्यावी लागली. धार आता नळासारखी.

त्यानंतर गुडघाभर पाण्यात इंजिन लावायचं बंद केलं. खोल पाणी येईपर्यंत वल्हं. बायको म्हणते, एवढे पैसे घालून वल्हीच मारायची होती तर इंजिन कशाला. बरोबर आहे तिचं, पण संच स्वस्त नाही.

बाकी किरकोळ. टाकून दिलेल्या जाळ्याची नायलॉन दोरी बोट ढकलणाऱ्या पंख्यामागे (प्रोपेलर) गुंडाळली जाते आणि सील कापते. गिअर ऑइल काढून बघा, दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. विकत घेतानाही हे बघायचं, दोन मिनिटांचं काम. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला 20 मिली, ते दोन-स्ट्रोक बोटीचंच घाला. आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलने कार्बोरेटरमध्ये महिनाभर पडून राहू नये. परत येताना पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत पाण्यातच चालवतो. एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोलचा हातपंप कडक होऊन चिरतो, तो दरवर्षी बदलायचा धरूनच चाला. बोट निंबाखाली, वर ताडपत्री.

आखाजीला बहीण आली होती, तिची दोन्ही पोरं ट्यूबवरून उतरायला तयार नव्हती. परवा शिरपूरहून एक जण विकायची आहे का म्हणून विचारून गेला. जुनी जाहिरात कुणी पुढे पाठवली असावी. नाही म्हटलं. वाटी नवी टाकून दुसऱ्याला द्यायला मी काय वेडा आहे?