शेजाऱ्यांच्या सिगरेटचा धूर घरात येतोय: बोलायचं, फटी बुजवायच्या, प्युरिफायर घ्यायचा की तक्रार करायची?

खालच्या किंवा बाजूच्या फ्लॅटमधून सिगरेटचा धूर येत असेल तर लोक साधारण तेच तेच सांगतात, जाऊन बोला, फटी बुजवा, मशीन घ्या, सोसायटीत तक्रार करा, नाहीतर सरळ घर बदला. यातलं चूक काहीच नाही, पण धूर येतो कुठून आणि ओढणारा माणूस कोण आहे हे कळल्याशिवाय यातलं आधी काय करायचं ते ठरत नाही. आणि घरात बाळ असेल, दम्याचं किंवा हार्टचं कोणी असेल तर "वासच तर आहे" म्हणून सोडून देऊ नका प्लीज, अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या रिपोर्टमध्ये स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, मुलांचा दमा बळावतो, कानाची इन्फेक्शन्स होतात.

पैसे खर्च करायच्या आधी एक उदबत्ती घ्या. खिडक्या लावा, पंखे बंद करा, किचनचा एक्झॉस्ट चालू करा आणि पेटवलेली उदबत्ती बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांपाशी, सिंकखालच्या पाईपपाशी, मेन डोअरच्या खालच्या फटीपाशी आणि एसीच्या तांब्याच्या पाईपसाठी भिंतीला पाडलेल्या भोकापाशी धरून बघा (हे भोक इन्स्टॉलेशनवाले बऱ्याचदा अर्धवटच बुजवतात). धुराची रेघ सरळ वर न जाता जिथे घराच्या आत झुकते, तिथून बाहेरची हवा आत येतेय. आपल्याकडच्या बिल्डिंगमध्ये एकाखाली एक बाथरूम एकाच डक्टवर उघडतात, खालचा माणूस बाथरूममध्ये ओढतो, धूर गरम असतो म्हणून डक्टमधून वर चढतो, आणि तुमचा किचनचा एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकत असल्यामुळे तेवढीच हवा मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. म्हणजे वास घालवायला आपण एक्झॉस्ट लावतो आणि त्यानेच धूर जास्त येतो! एक्झॉस्ट चालू असताना बाथरूमचं दार बंद आणि डक्टच्या उलट बाजूची एखादी खिडकी थोडी उघडी, एवढं केलं तरी बऱ्याच घरात फरक पडतो, खर्च शून्य.

आता फटी बुजवणं आणि प्युरिफायर, या दोन्हीत पैसे कुठे घालायचे? डक्टमधून येत असेल तर माझं मत ठाम आहे, आधी बुजवा. पाईपच्या भोवतीची भोकं व्हाईट सिमेंट नाहीतर सिलिकॉनने, दाराखाली रबरी पट्टी, काचपट्ट्यांच्या जागी फिक्स काच आणि तिच्यात पंखा बंद झाला की आपोआप मिटणाऱ्या झडपांचा एक्झॉस्ट फॅन. सगळं मिळून प्युरिफायरच्या मानाने स्वस्तात होतं आणि परत परत खर्च नाही. फक्त एक गोष्ट, बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली हवा यायची जागा अजिबात बंद करू नका, कार्बन मोनॉक्साईड साठून माणसं दगावतात, धुराच्या त्रासापेक्षा तो धोका कितीतरी मोठा आहे. आधी गीझर बाहेर हलवा किंवा इलेक्ट्रिक घ्या, मग खिडकीला हात लावा.

बाल्कनीतून किंवा बेडरूमच्या खिडकीतून धूर येत असेल तर मात्र बुजवून भागत नाही, मे महिन्यात खिडक्या लावून बसणार कोण? इथे लोक प्युरिफायरकडे वळतात. त्यातला हेपा फिल्टर धुराचे बारीक कण चांगले पकडतो, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणं हीच हेपाची व्याख्या आहे, पण सिगरेटचा वास आणि त्यातले विषारी वायू हेपातून आरपार जातात, त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो आणि स्वस्त मशीनमध्ये कार्बनचा नुसता पातळ काळा स्पंज असतो, तो थोड्याच दिवसात भरतो आणि मग वास जसाच्या तसा. दाणेदार कार्बनचं जाड फिल्टर असलेलंच घ्या आणि फिल्टरचा खर्च दर वर्षी येणार हे धरून चाला. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा, ती तासाला पाच वेळा गाळायची तर मशीनवर लिहिलेला सीएडीआर (म्हणजे मशीन तासाला किती हवा स्वच्छ करून देतं तो आकडा) निदान तासाला १७० घनमीटर असायला पाहिजे. खिडकी उघडी असेल तर हे सगळं गणित बाद. म्हणून प्युरिफायर अख्ख्या घरासाठी नको, बाळ किंवा पेशंट जिथे झोपतो त्या एका खोलीसाठी, दार-खिडकी लावून. ओझोन सोडणारं मशीन घेऊच नका, ओझोनने फुप्फुसांना त्रासच होतो. रूम फ्रेशनरने धूर जात नाही, नुसता वास झाकला जातो.

पण खरा फरक पडतो तो ओढणाऱ्याने जागा बदलली की. तेव्हा बोलणं आणि लेखी अर्ज यात आधी बोलणं, आणि ते एकट्याशी. बरेच जण घरच्यांपासून लपवून बाथरूममध्ये ओढतात, त्यांच्या बायको-मुलांसमोर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय काढलात तर तो माणूस कायमचा अंगावर येणार. जिन्यात, पार्किंगमध्ये गाठा आणि सिगरेट सोडा असं अजिबात म्हणू नका. "काका, तुमच्या बाथरूममधला धूर डक्टमधून थेट बाळाच्या खोलीत येतो, तेवढा टेरेसवर किंवा खाली कंपाउंडपाशी ओढाल का?" इतकंच. बाल्कनीत ओढा असं सुचवायच्या आधी त्यांच्या वर कोणाची बाल्कनी आहे ते बघा, नाहीतर आपला त्रास दुसऱ्याच्या गळ्यात. समोरचा भाडेकरू असेल आणि ऐकत नसेल तर फ्लॅटच्या ओनरला फोन करा, त्याला सोसायटीशी भांडण नको असतं त्यामुळे तिथून काम पटकन होतं.

बोलून झालं नाही तर सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तारीख, वेळ, कुठल्या खोलीत धूर येतो, घरात कोण आजारी आहे, सगळं लिहा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) इतर सभासदांना उपद्रव होईल असं आपल्या फ्लॅटमध्ये काही करता येत नाही आणि तक्रार आली की कमिटीने पुढच्या मीटिंगमध्ये निर्णय घेऊन तो १५ दिवसात कळवायचा असतो. कमिटी काणाडोळा करते हे खरंय, तरी अर्ज वाया जात नाही कारण जिना, लिफ्ट, लॉबीत धूम्रपानबंदीचा ठराव सोसायटी करू शकते, आणि पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न लेखी तक्रार केली होती का हाच येतो.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला बंदी घातली, २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले, पण हे सगळं सार्वजनिक जागेपुरतं, दंड २०० रुपयांपर्यंत, आणि कोणाचा स्वतःचा फ्लॅट त्यात बसत नाही. उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येतो, पण वेळ, वकिलाची फी आणि शेजाऱ्याशी कायमचं वैर. स्वतःचं घर आहे, घरात गंभीर आजारी माणूस आहे आणि बाकी सगळं करून झालंय, तेव्हाच हा रस्ता.

भाड्याने राहात असाल तर मी कोर्ट-कमिटीच्या नादाला न लागता घर बदला म्हणेन. ॲग्रीमेंटमधला लॉक-इन कधी संपतो ते बघा, ओनरला कारण लेखी कळवा, लॉक-इनच्या आधी सोडू देतात का आणि डिपॉझिट कधी परत मिळेल हे मेसेजवर लिहून घ्या. आणि नवीन घर ब्रोकर सांगेल तसं दुपारी बघू नका, रात्री जेवणानंतरच्या वेळेला जा, बाथरूमचं दार थोडा वेळ लावून ठेवा आणि मग उघडून वास घ्या.