पायटॉर्चमधला छोटा ट्रान्सफॉर्म: लॅम्बडा लिहावा की क्लास?

स्कॅन केलेल्या पानांच्या काळ्या कडा कापायच्या, एवढंच माझं काम होतं. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या पायथन लायब्ररीत चित्रावर करायच्या अशा बदलाला ट्रान्सफॉर्म म्हणतात. असे बदल एकामागोमाग लावणाऱ्या टॉर्चव्हिजनच्या (पायटॉर्चच्या चित्रांसाठीच्या लायब्ररीच्या) कंपोझला फंक्शनसारखं कॉल करता येईल असं काहीही चालतं, मग तो लॅम्बडा (बिननावाचं एका ओळीचं फंक्शन) असो, फंक्शनच्या आतलं फंक्शन असो की डंडर-कॉल (वस्तूलाच फंक्शनसारखं वापरू देणारी __call__ मेथड) असलेला क्लास. साहजिकच मी लॅम्बडा लिहिला. एका ओळीत काम झालं, किती पिक्सेल कापायचे तो आकडाही बाहेरच्या व्हेरिएबलमधून आयता मिळाला. तेच क्लासने करायचं तर इनिट (आकडा साठवायला), कॉल, जमलं तर रेप्र (लॉगमध्ये कसं छापायचं ते), म्हणजे सहज आठ ओळी.

लिनक्सवर चार वर्कर (डेटा तयार करून देणाऱ्या वेगळ्या प्रोसेस) लावून महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग मैत्रिणीने तोच कोड तिच्या विंडोज लॅपटॉपवर चालवला आणि पहिली बॅच यायच्या आधीच ‘कान्ट पिकल’ म्हणत तो आडवा झाला. पिकल म्हणजे पायथनमधली वस्तू दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवता येईल अशा बाइट्समध्ये बांधण्याची सोय. वर्कर शून्य केले की एरर गायब, म्हणून आम्ही आठवडाभर तशीच वेळ मारून नेली. ट्रेनिंग मात्र रांगायला लागलं.

भानगड अशी, की लिनक्सवर आमचे वर्कर फोर्क होऊन, म्हणजे मूळ प्रोसेसची प्रत म्हणून यायचे आणि तिची मेमरी त्यांना आपसूक मिळायची. विंडोजवर नवी प्रोसेस कोरी उभी राहते, तिला डेटासेट, त्यातल्या ट्रान्सफॉर्मसकट, पिकल करून पाठवावा लागतो. आणि पिकल फंक्शनचा कोड उचलत नाही, मॉड्यूल आणि नाव तेवढं टिपून घेतो. लॅम्बडाला नावच नाही, तर पलीकडे शोधणार काय? मॅकवरही पायथन 3.8 पासून हीच तऱ्हा, आणि 3.14 पासून लिनक्सचाही डीफॉल्ट फोर्क राहिलेला नाही.

क्लासचं नाव आणि त्यातला आकडा दोन्ही पिकलमधून नीट पलीकडे जातात. अट एकच: क्लास पायथनच्या फाइलमध्ये, सगळ्यात बाहेरच्या पातळीवर हवा. विंडोजवर नोटबुकच्या सेलमध्ये लिहिलात तर तोही रडतो.

पायथनच्या फंकटूल्स मॉड्यूलमधलं पार्शलही (फंक्शनला आकडा आधीच भरून ठेवणारं) वाईट नाही. मूळ फंक्शन बाहेरच्या पातळीवर असेल तर ते बिनतक्रार पिकल होतं, आणि आठ ओळींचा कंटाळा असेल त्याने तेच घ्यावं. मला आवडत नाही ते त्याचं लॉगमधलं रूप: फंक्शनचं नाव, मेमरीचा पत्ता, मग आकडा. पत्ता दर रनला वेगळा, त्यामुळे दोन लॉग शेजारी ठेवले की ती ओळ उगाचच बदललेली दिसते. माझ्या क्लासची ओळ ‘कडाकाप(12)’ अशी छापली जाते. गेल्या महिन्यात एका रनचा निकाल अचानक घसरला तेव्हा लॉगमध्ये 12 च्या जागी 21 दिसला, शोधाशोध तिथेच संपली.

तुमचं काम एकाच मशीनवर, एकाच प्रोसेसमध्ये असेल तर कदाचित यातलं काहीच आड येणार नाही. सॉर्टच्या कीसाठी मीही अजून लॅम्बडाच लिहितो, तो कुठल्या वर्करकडे जात नाही.