वाई-मेणवली: आधी मेणवली, मग ढोल्या गणपती

पाचगणीला जाता जाता अर्ध्या तासात ढोल्या गणपती उरकायचा असेल, तर वाईबद्दल सांगण्यासारखं फार नाही. अख्खी सकाळ हातात असेल तर मात्र तीन किलोमीटरवरच्या मेणवलीपासून सुरुवात करा.

नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा अर्धचंद्राकृती घाट हे या सहलीतलं सर्वांत सुंदर ठिकाण. तिथल्या घंटेकडे बहुतेक जण नुसती मान वर करून बघतात नि फोटो काढून निघतात. मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरपा मारा. बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल उठून दिसतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर तिकडून आलेली ही घंटा. वाडा खासगी मालकीचा आहे. शूटिंग चालू असेल तर आत जायला मिळेलच असं नाही, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

वाईत गणपती आळीत चारचाकी घालू नका, वळवताना घाम फुटतो. गाडी बाहेर लावून चालत घाटावर या. गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. मूर्ती भव्य आहेच, पण दर्शन झाल्यावर देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, कृष्णेचा पूर तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. शेजारच्या काशी विश्वेश्वराचा नंदीही चुकवू नका.

पावसाळ्यात पाणी चढतं आणि ओसरल्यावर पायऱ्यांवर शेवाळ नि गाळ राहतो. तेव्हा गुळगुळीत तळव्यांची चप्पल नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी तो काळा दगड अनवाणी पायांना सोसत नाही.

वाईजवळच्या धोमला गेलात तर धरणापेक्षा नरसिंहाच्या देवळाचं आवार बघा. कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी तिथल्या कुंडात आहे. कुंड भरलेलं असेल तरच कासव तरंगत असल्याचा भास होतो, त्यामुळे उन्हाळ्यात त्याच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करू नये.

एसटीने येणार असाल तर स्वारगेटहून महाबळेश्वरची गाडी धरा, ती वाईवरून जाते. कोल्हापूरच्या गाड्या हायवेनेच पुढे जातात. त्यात बसलात तर सुरूर फाट्यावर उतरून दुसरं वाहन शोधावं लागेल.