स्वयंपाकाच्या वर्गाला पैसा कुठून आणावा: सीएसआर, रोटरी की ओळखीतले देणगीदार?

आमच्या वस्तीत बायकांसाठी स्वयंपाकाचा वर्ग चालतो. पोळी-भाजी केंद्र टाकता यावं इतपत शिकवतो, म्हणजे शंभर पोळ्यांना कणीक किती, भाजीचा भाव कसा काढायचा, एफएसएसएआयचं (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन कसं करायचं वगैरे. हिशोब माझ्याकडे असतो, त्यामुळे "आम्हालाही सुरू करायचंय, कुठली ग्रँट धरू?" असं पुण्याच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून कोणीतरी विचारतंच.

मी सांगते की रक्कम नंतर बघा, आधी बघा की पैसा कशावर खर्च करू देतात. शेगडी एकदाच लागते हो, सिलेंडर सारखा लागतो, आणि शिकवणाऱ्या ताईंचं मानधन दर महिन्याला.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर खर्च करायच्या पैशाचं, नाव सगळ्यात आधी निघतं कारण चाकण, हिंजवडी, पिरंगुट हे कंपन्यांचे भाग सगळे जवळच. कायद्याने ५०० कोटी नेटवर्थ किंवा १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यातलं एक जरी असेल तरी कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. भूक-कुपोषण आणि रोजगाराचं शिक्षण दोन्ही त्यांच्या यादीत आहे, म्हणजे आपला विषय बसतो. पण बचत गटाला थेट मिळत नाही. ट्रस्ट, सोसायटी किंवा सेक्शन ८ कंपनी (म्हणजे ना-नफा कंपनी) लागते, आयकर खात्याची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) लागते, सरकारकडे नोंदणीचा सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो आणि तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभव लागतो. गेल्याच वर्षी सुरू केलंत तर एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्रीखाली जावं लागेल. आणि एक, "आम्ही ॲडमिनला ५ टक्क्यांच्या वर देत नाही" असं ऐकवतात ना, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर ऑफिसच्या खर्चाला आहे, तुमच्या शिक्षिकेच्या मानधनाला नाही. हे नम्रपणे पण बोलाच, मी दोन वर्षं गप्प बसले होते.

मार्चची गंमत वेगळीच. वर्ष संपत आलं की कंपन्यांना पटकन काहीतरी द्यायचं असतं. आम्हाला एका कंपनीने असंच कणीक मळायचं मोठं मशीन दिलं, रिबन कापली, फोटो झाले, आणि मग कळलं की मशीन थ्री फेज आणि आमच्या खोलीचा मीटर सिंगल फेज. आठ महिने ते प्लास्टिकसकट उभं होतं, बायका त्याच्यावर पर्स आणि डबे ठेवायच्या. तेव्हा जमत असेल तर "ऑनगोइंग प्रोजेक्ट", म्हणजे एका वर्षाच्या पुढे चालणारं काम, म्हणूनच मागा. तसं असलं की उरलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून पुढची ३ वर्षं वापरता येतो, ३१ मार्चची घाई राहत नाही.

रोटरीत, म्हणजे समाजकाम करणाऱ्या रोटरी क्लबांत, माणसं भेटतात, हा मोठा फायदा. अर्ज तुम्ही नाही, क्लब करतो, त्यामुळे आधी एखाद्या क्लबला वर्गावर चहाला बोलवा. पण त्यांचं वर्ष १ जुलैला बदलतं, नवा अध्यक्ष येतो, मागच्याने दिलेला शब्द त्याला माहीत असेलच असं नाही. ग्लोबल ग्रँटच्या नादी लागू नका, त्याचं बजेटच किमान ३०,००० डॉलर आणि परदेशातला क्लब जोडीला लागतो. डिस्ट्रिक्ट ग्रँट, म्हणजे रोटरीच्या आपल्या विभागाकडून मिळणारी छोटी मदत, आपल्या मापाची: ओटा, शेगड्या, भांडी. संस्थेचा रोजचा खर्च मात्र रोटरी फाउंडेशनच्या पैशातून चालत नाही.

मग सिलेंडर कोण भरणार? इथे आपले ओळखीतलेच लोक. कुणी वर्षश्राद्धाला देतं, कुणी नातवाच्या वाढदिवसाला. वार लावून जेवून शिकलेल्यांचं शहर आहे हे, अन्नासाठी मागितलं की सहसा नाही म्हणत नाहीत. रक्कम छोटी, पण त्यावर अट नसते. पावती नीट द्या. ८०जीची सवलत जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते आणि २,००० च्या वर रोख दिली तर मिळत नाही, म्हणून यूपीआयच घ्या. आणि बजेटमध्ये १९ किलोचा निळा सिलेंडर धरा, मी पहिल्या अर्जात घरगुती लाल सिलेंडरचा भाव टाकला होता आणि चौथ्या महिन्यात तोंडावर आपटले.

परदेशातल्या भाच्याकडून मागवू असं म्हणत असाल तर थांबा. त्याचा पासपोर्ट भारताचा नसेल तर ती एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) भानगड, नव्या संस्थेने त्यात पडूच नये.

सरकारी पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना) ही वर्गासाठी नाहीच, शिकून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी आहे: प्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १० लाख, आणि बचत गटाला दर सदस्यामागे ४०,००० पर्यंत बीज भांडवल. पापड-मसाल्याला ठीक. मुदत चालू आहे का ते आधी कृषी ऑफिसात विचारून घ्या.

मी आज नव्याने सुरू केलं असतं तर पहिलं वर्ष देणगीदारांवर काढलं असतं, दुसऱ्या वर्षी रोटरीकडून ओटा बांधून घेतला असता, आणि ३ वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब हातात आले की मगच कंपनीची पायरी चढले असते. तीही मीटर थ्री फेज करून घेतल्यावर.