आप्पांची फियाट पुन्हा खडबडीत रस्त्यावर: नऊ महिने, ५,२०० किलोमीटर

दसऱ्याला पूजा करून गाडी शेडबाहेर काढली. आता आषाढ लागलाय आणि मीटरवर ५,२०० किलोमीटर वाढलेत. जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा चालती करावी का, असं बरेच जण विचारतात. त्यांना दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तेही मुख्यतः खराब रस्त्याबद्दल, कारण मी गाडी दुरुस्त केली ती त्याच रस्त्यासाठी.

गाडी १९८४ ची. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा, पुढं सलग सीट. कागदावर पद्मिनी, पण आमच्या घरात, गल्लीत आणि गॅरेजात ती फियाटच. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, १९८७ साली सेकंडहँड घेतली. ते गेल्यावर अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती.

मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही कोल्हापूरहून आजोळी जायचो, वैभववाडीच्या पुढं एका वाडीत. बालिंगा, कळे, असळज, गगनबावडा आणि मग करूळ घाट. अंतर शंभर किलोमीटरच्या आत, वेळ मात्र पाच तास. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी रस्त्याची दशा करून ठेवलेली असायची. डांबराच्या कडा खाल्लेल्या, मधे खडी उघडी पडलेली. शेवटचे सहा किलोमीटर तर लाल मातीचा गाडीरस्ताच. बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे दगडगोट्यांचा उंचवटा. आप्पा चाकोरीत चाक घालत नसत. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं कडेच्या गवतावर, अशी तिरकी गाडी न्यायचे. चाकोरीत उतरलं की मधला दगड चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या डब्याला, लागलाच म्हणून समजा.

एके वर्षी चेंबर वाचलं, पण पेट्रोलच्या टाकीला दगड लागला. मागून वास यायला लागला म्हणून आप्पांनी गाडी थांबवली, तर टाकीच्या चिरेतून थेंब थेंब पेट्रोल ठिबकत होतं. आईनं पिशवीतून कपड्याच्या साबणाची वडी काढून दिली. आप्पांनी तिचा तुकडा मोडून तळहातावर मळला, मऊ झाला तसा चिरेवर थापून अंगठ्यानं दाबून बसवला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. गाडीखाली उताणे पडलेले आप्पा, त्यांच्या बनियनवरची लाल धूळ आणि निळ्या साबणाचा तो ठिपका अजून डोळ्यांसमोर आहे. त्या ठिपक्यावर आम्ही आठ दिवस काढले आणि त्यावरच कोल्हापूरला परत आलो.

मागच्या सीटवर आम्ही पाच पोरं. पुढं आप्पा, मधे आजी आणि खिडकीशी आई, कारण तिला गाडी लागायची. जाताना डिकीत गुळाच्या ढेपा. येताना फणस, आमसुलं, कुळीथ आणि आजोबांनी बांधून दिलेलं तांदळाचं पोतं. खड्डा आला की पाचही जण एकदम उडायचो आणि एकदम खाली यायचो. मला आठवतं ते असं, की त्या आदळण्यात काही लागायचंच नाही. पाळण्यात असल्यासारखं वाटायचं.

गाडी परत उभी केली ती याच आठवणीच्या जोरावर. खर्च जवळपास दोन लाख आला. इंजिन उघडलं, पत्र्याचं काम केलं, सीट नव्यानं भरून घेतल्या. नोंदणीचं नूतनीकरण केलं, पर्यावरण कर भरला. आता दर पाच वर्षांनी हे करावं लागणार. एका पेंटरनं तीन आठवडे सांगून चार महिने लावले, तेवढा एक मनस्ताप. सुटे भाग मिळतात. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि अजूनही तिचे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारातूनच मागवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तेव्हापासून मोडीत निघालेल्या गाड्यांचे भागच जास्त येतात, त्यामुळे जे मिळेल ते तपासून घ्या. मागच्या पाट्यांचे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, बुश नीट मिळेनात. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतले आणि ते सगळ्यात चांगले निघाले.

आता मूळ मुद्दा. पहिले तीन महिने माझी घोर निराशा झाली.

मी बहुतेक वेळा एकटाच चालवत होतो. कळ्याच्या पुढं रस्ता खराब लागला की पुढची बाजू ठीक, पण मागची बाजू अक्षरशः टणाटणा उडायची. लहान खड्ड्यातसुद्धा कमरेला दणका बसायचा. पाळणा कुठला आणि काय! आपली आठवणच खोटी, लहानपणी सगळंच मऊ वाटतं, अशी मनाची समजूत घालायला लागलो होतो. तरी प्रयत्न केले. मागचे दोन्ही शॉकप नवे घातले, फरक थोडा. पंपावरच्या पोरानं आजच्या गाड्यांसारखी ३३ हवा भरली होती, ती २६ वर आणली. हा फरक मात्र चांगलाच जाणवला. या गाडीची चाकं चौदा इंची आणि टायरची भिंत उंच, त्यामुळे निम्मे हादरे टायरच गिळतो. आज मोठ्या रिमा आणि बुटके टायर दिसायला भारी वाटतात, पण खडीच्या रस्त्यावर उंच टायरला तोड नाही.

तरीही उडणं राहिलंच. शेवटी सत्तरी ओलांडलेल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मागचा बंपर दोन्ही हातांनी दाबून सोडला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "गाडीत माणसं किती असतात?" म्हटलं, मी एकटाच. "मग उडणारच की ओ! पाट्याला वजन लागतं. घरच्यांना घेऊन जावा, मग सांगा मला."

त्यातलं तंत्र सोपं आहे. पुढं स्प्रिंग आहेत, मागं पोलादी पट्ट्यांचे पाटे. पाटे बनवलेत ते पाच माणसं आणि भरलेली डिकी पेलायला. रिकाम्या गाडीत ते ताठ राहतात आणि रस्त्याचा धक्का जसाच्या तसा वर देतात. वजन पडलं की वाकतात, पट्टीवर पट्टी घासते आणि धक्का तिथंच जिरतो. शिवाय मागची दोन्ही चाकं एकाच आडव्या एक्सलला आहेत, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलतं. हलक्या गाडीत त्याचा झटका बसतो, भरलेल्या गाडीत नुसतं डुलल्यासारखं होतं.

मे महिन्यात आई, बहीण, तिची दोन मुलं आणि माझी मुलगी असे सहा जण निघालो. डिकीत गुळाच्या ढेपा होत्याच. कळे सोडलं, पहिला खराब पट्टा आला आणि गाडी बसली. दुसरा शब्द नाही. मागून पोरांचा एकत्र "हूऽऽ" असा आवाज आला, बहिणीनं पुढं वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसतं "दादा" म्हणाली. माझी आठवण खोटी नव्हती. फक्त त्या आठवणीत गाडी कायम भरलेली होती आणि ते वजन मी कधी मोजलं नव्हतं.

आईबद्दल वेगळं सांगायला हवं. आमच्या नेहमीच्या गाडीत, एसी लावून, चांगल्या रस्त्यानं गेलं तरी तिला घाटात दोनदा तरी गाडी लागतेच. फियाटमध्ये ती पुढं खिडकीशी बसली. बसल्या बसल्या तिनं त्रिकोणी काचेची खिट्टी उघडली आणि काच उलटी फिरवली, म्हणजे वारा थेट तोंडावर येतो. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. आलेपाकाची वडी गगनबावड्यापर्यंत पदराच्या गाठीतच राहिली. तिथं धुक्यात चहा घेतला आणि करूळ घाट उतरायला लागलो. घाट आता काँक्रीटचा झालाय, बराच काळ वाहतूक बंद ठेवून केला. तरी पहिल्या मोठ्या वळणाआधी तिनं डावा हात उचलून डॅशबोर्डवर ठेवला, रस्त्याकडे न बघता. वळण संपलं तसा हात परत मांडीवर. पूर्ण घाटात एकदाही गाडी लागली नाही. अंगाला हालचाल जाणवते पण डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा मळमळतं म्हणतात. इथं बुटक्या बॉनेटवरून समोरचा रस्ता दिसतो, तोंडावर वारा असतो आणि वेग तिशीच्या वर जात नाही. घरात कुणाला गाडी लागत असेल तर ही गोष्ट छोटी नाही.

उणिवाही सांगतो, कारण त्या जिवाशी येणाऱ्या आहेत. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि बूस्टर नाही, त्यामुळे पाय जोरात द्यावा लागतो. घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. पावसात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की ब्रेक काही वेळ धरत नाहीत. हळू चालवत पाच-सहा वेळा हलके दाबून ते वाळवून घ्यायचे. मूळ गाडीत मागं सीट बेल्ट नाहीत, ते मी पुढं-मागं बसवून घेतले. लहानपणी आम्ही पोरं दोन सीटच्या मधे उभीही राहायचो, पण माझ्या मुलीला मी तसं उभं राहू देत नाही. चारचौघांना घेऊन घाट चढताना इंजिन तापतं. घाटात लिटरला दहा, सपाटीला तेरा किलोमीटर पडतात.

आता पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे. माझे दोन जुने रबरी पाइप चार महिन्यांत फुगून मऊ झाले. इथेनॉल सोसणारे पाइप आणि इंजिनवरच्या पेट्रोल पंपातला पडदा सुरुवातीलाच बदला, मी उशिरा बदलला. या रस्त्याचा ऊस पूर्वी गाड्यांतून जाऊन रस्ता उखडायचा, आता तो इथेनॉल होऊन टाकीतही आलाय.

मे महिन्यात परतताना घाटाच्या मध्यावर गाडी घुसमटली. उष्णतेनं पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ते ओढता येत नाही. लहानपणी ओलं फडकं माझ्याकडे असायचं. या वेळी मुलीच्या हातात दिलं. तिनं बाटलीतलं पाणी ओतून फडकं पिळलं आणि मी दाखवलं तिथं पंपावर गुंडाळलं. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. पुढचा सगळा घाट ती फडकं मांडीवर धरून बसली, पुन्हा लागेल म्हणून.

मिस्त्रींचं बोलणं आठवताना आणखी एक गोष्ट उलगडली. आप्पा एकटे कुठं निघाले की असळजच्या थांब्यावर हमखास गाडी थांबवायचे आणि एसटीची वाट बघणाऱ्यांना विचारायचे, "बावड्याला कोण येणार?" बावडा म्हणजे गगनबावडा. त्यांचा स्वभाव मोकळा, म्हणून थांबतात, असं मी समजत होतो. स्वभाव होताच. पाट्यांचंही त्यांना माहीत असणार.

गेल्या आठवड्यात कामासाठी एकटाच बावड्याकडे निघालो. पाऊस धरून होता. असळजला दोन बायका डोक्यावर इरलं घेऊन उभ्या होत्या, पायाशी भाताच्या रोपांच्या भरलेल्या पाट्या. थांबलो आणि विचारलं. रोपं डिकीत ठेवली, त्या मागं बसल्या. पहिल्या खड्ड्यावरून गाडी गेली तेव्हा त्यातली म्हातारी म्हणाली, "जुनी हाय, पर चांगली चालतीय की."