मॅचबॉक्सचा पहिला सीडी-संच: आठ महिने ऐकल्यावर

भाच्याने लेस्टरहून येताना जुन्या ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचा, हा सहा सीडींचा संच आणला त्याला आता आठ महिने झाले. पहिल्याच रविवारी हौसेने दोन सीडी सलग लावल्या आणि उरलेल्या चार कपाटात गेल्या. नुसती खरखर, आणि गाणी एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. बायको म्हणाली, "भजी तळतायत की काय?"

मॅचबॉक्स हे ब्रिस्टलच्या सेडिस्क कंपनीचं ब्लूजच्या तबकड्यांचं लेबल. सेडिस्क जेफ लुसेना यांनी १९६५ साली काढली. चर्चच्या घंटा, चावीच्या संगीतपेट्या, असं जे दुसरं कोणी काढणार नाही ते ही मंडळी काढायची. तेव्हा ब्रिटनमध्ये ९९ प्रतींपर्यंत खरेदी कर लागत नसे, म्हणून छोटी लेबलं मोजून ९९ तबकड्या काढत. १९६८ साली मॅचबॉक्सने जो अ‍ॅन केली, माइक कूपर, इयन अँडरसन अशा इंग्लंडमधल्याच तरुणांचा कंट्री ब्लूज, म्हणजे गिटारवर गायलेला खेड्याकडचा ब्लूज, एका एलपीवर आणला. माझ्याकडच्या संचात मात्र मूळची अमेरिकन मंडळी आहेत. व्हिएन्नाचे संग्राहक योहान पार्थ यांनी निवडलेल्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या १९८२ ते ८८ या काळात मॅचबॉक्सने एलपींच्या मालिकेत आणल्या. त्याच आता सहा-सहा सीडींच्या संचांत मिळतात. टिपणं पॉल ऑलिव्हर यांची. हा माणूस एकीकडे ब्लूजवर लिहायचा आणि दुसरीकडे जगभरच्या लोकांनी स्वतः बांधलेल्या घरांवर.

खरखरीचं म्हणाल तर ती जायची नाही. पॅरामाउंट या जुन्या अमेरिकन कंपनीच्या तबकड्यांचा मालच हलका होता, आणि कित्येक गाण्यांच्या जेमतेम एक-दोन प्रती उरल्यात. मुळात गाणीच थोडी: संचातल्या बडी बॉय हॉकिन्सची सगळी मिळून १२ गाणी, न्यू ऑर्लिन्सच्या रॅबिट ब्राउनची पाच, तीही ११ मार्च १९२७ या एकाच दिवसातली. त्यातलं एक टायटॅनिक बुडाल्याचं. संचातला पेग लेग हॉवेल ऐकताना तर आमच्या गल्लीत पूर्वी पेटी घेऊन येणारा एक म्हातारा आठवतो.

मी सोसायटीच्या भजनी मंडळात तबला वाजवतो, हे सांगायला हवं. कारण चौथ्या महिन्यात कान अडकला तो टेक्सस अलेक्झांडरवर. हा गडी गिटार वाजवत नाही, नुसता गातो, तेही शेतात हाळी द्यावी तसा. ब्लूजचं एक कडवं साधारण ४८ मात्रांचं. हा कधी दोन मात्रा खातो, कधी ओळ संपवून मनाला येईल तेवढा थांबतो. साथीला लॉनी जॉन्सन, म्हणजे त्या काळचा अव्वल गिटारवाला. तो त्याला तालात ओढायला जात नाही. गाणं थांबलं की बारीक बारीक जागा भरत राहतो आणि गाणारा परतला की बरोबर त्याच्याबरोबर उतरतो. आमच्या मंडळात एक काका आहेत, असेच मात्रा खाणारे. मी इतकी वर्षं त्यांना ठेका मोठा करून समेवर आणायचो. आता हात हलका ठेवतो. काकांनी अजून काही म्हटलेलं नाही, पण हल्ली माझ्याकडे वळून बघत नाहीत.

कुरकुर एकच. गाणी बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंगच्या तारखेप्रमाणे लावलीत. अभ्यासकाला ते सोयीचं, पण ऐकणाऱ्याला एकाच माणसाची एकाच चालीतली चार गाणी ओळीने झेपत नाहीत. तीन-तीन गाणीच ऐका, मग बंद करा. गाडीत लावू नका, इंजिनच्या आवाजात शब्द बुडतात. हेडफोन लावलात तर खरखर फारच अंगावर येते. साधे स्पीकर, रात्रीची वेळ आणि थोडा कमी आवाज, हे मला जमलं. बो वीव्हिल जॅक्सनची सीडी मात्र अजून दोनदाच लागलीय.

पाचपैकी चार. दुसरा संच भाच्याला सांगून ठेवलाय.