पेन्सिलीच्या खुणा खोडून पाठवा असं कुणी म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा

३४ पुस्तकं गेली आणि वर पदरचे २,३९७ रुपये गेले. रक्कम मोठी नाही, हे भाऊ मला रोज ऐकवतो. तरी लिहिते आहे, कारण जुन्या पुस्तकांचे गठ्ठे ऑनलाइन लिलावात विकणारे आपल्यात बरेच आहेत.

नाशिकला पंचवटीतला आमचा वाडा पाडायला दिला. तीन आठवड्यांत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या आणि अण्णांची, म्हणजे वडिलांची, पुस्तकं चारशेच्या वर होती. भाऊ म्हणाला, रद्दीवाल्याला बोलवू. मला ते बघवलं नसतं. गावात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय असताना तिथे का दिली नाहीत, असं आता जो तो विचारतो. अहो, कुठलंही वाचनालय सरसकट सगळं घेत नाही, आणि माझ्या हातात दिवस किती होते?

पहिले चार गठ्ठे ४८०, ६४०, ९०० आणि १,१५० रुपयांना गेले. पैसे वेळेवर आले, माझी भीड चेपली. पाचवा गठ्ठा मोलाचा होता : साठ-सत्तरच्या दशकातले २२ दिवाळी अंक, सात कवितासंग्रहांच्या पहिल्या आवृत्त्या आणि कापडी बांधणीची पाच जाड पुस्तकं. मौल्यवान पुस्तकं गठ्ठ्यात घालू नका, एकेक विका. गठ्ठ्यातलं नेमकं काय बदललं, हे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

बोली ५,२०० वर अडकली होती. तेव्हा बोली लावणाऱ्या एका माणसाचा मेसेज आला. भाषा अगदी अदबीची, 'ताई' म्हणून सुरुवात. गठ्ठ्याचं वजन ग्रॅममध्ये सांगाल का, कुरिअरचा हिशेब करायचाय. मी किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन वजन केलं : १४ किलो ३८० ग्रॅम. कुरिअरचा खर्च माझ्याकडे होता, त्याला ग्रॅम कशाला हवे होते? तेव्हा हे सुचलं नाही. मग विचारलं, आत कुणाचं नाव, शिक्का? म्हटलं, नाव नाही, पण वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यावर तो म्हणाला, तेवढ्या खोडून पाठवाल तर मी बोली वाढवतो, संग्रहासाठी कोरी पानं हवीत.

आणि मी खोडल्या. दोन संध्याकाळी खोडरबर घेऊन बसले. अण्णांनी समासात काढलेल्या रेघा, शेवटच्या पानावर लिहिलेल्या तारखा, सगळं पुसलं. पुस्तक माझं आहे हे सांगणारी एकुलती एक खूण मी माझ्या हाताने घालवली. हे आठवलं की अजून झोप लागत नाही. पण तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक स्वच्छ पानं मागतंय यात संशय घेण्यासारखं कुणाला काय दिसलं असतं?

६,८५० ला लिलाव सुटला. साइटचं कमिशन ६८५, कुरिअर ७४२, खोकं आणि पॅकिंग १६०. पैसे माल पोचल्यावर सात दिवसांनी सुटतात. सहाव्या दिवशी रात्री अकराला त्याची तक्रार : पुस्तकं पाण्याने भिजलेली आहेत. सोबत फुगलेल्या पानांचे चार फोटो, त्यातलं एकही पान आमचं नाही. गोदावरीच्या पुरात नदीतला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की अण्णा ही पुस्तकं माळ्यावर चढवायचे. २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरातसुद्धा त्यांनी एक पान भिजू दिलं नव्हतं.

पार्सल परत आलं, त्याचे ८१० रुपये माझ्याच खात्यातून. आत दहावी-बारावीची गाईडं, स्पर्धा परीक्षांची फाटकी पुस्तकं आणि दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या. मोजून ३४ नग. वजन १४ किलो ४१० ग्रॅम. कुरिअरवाला जाण्याआधी त्याच्यासमोर खोकं फोडून व्हिडिओ काढायला हवा होता. मी सही केली आणि तो गेल्यावर उघडलं.

साइटचं उत्तर : नग आणि वजन जुळतं, दावा बंद. कमिशनही परत नाही. कुरिअर कंपनी म्हणाली, सील शाबूत होतं, आतलं आम्ही बघत नाही. पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसले. ऑनलाइन म्हणताच त्यांनी सायबरकडे पाठवलं. तिथे विचारलं, ओटीपी दिलात का? लिंक उघडलीत का? खात्यातून पैसे गेले का? नाही? मग हे सायबर कसं? १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला तर पुन्हा तोच प्रश्न, व्यवहाराचा क्रमांक द्या. माझे पैसे चोरीला गेलेच नाहीत तर क्रमांक कुठून आणू? माल चोरलाय हो! पुन्हा ठाण्यात गेले, तर साहेब म्हणाले, रद्दीसाठी एवढं कशाला मनाला लावून घेता. फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. त्यात रद्दीला सूट आहे असं कुठे लिहिलंय? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरच्या मुलीने पहिल्यांदा सांगितलं, तुम्ही विक्रेत्या, ग्राहक नाही. कमिशन भरून साइटची सेवा घेतली म्हणजे साइटची ग्राहक मीच ना, हे मला तीनदा समजवावं लागलं.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. चॅटवर भांडत बसू नका, त्या अधिकाऱ्याला लेखी पाठवा. मी एकोणीस दिवस चॅटवर घालवले. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही.

पुस्तकं पाठवण्याआधी प्रत्येकाच्या एका ठरावीक आतल्या पानावर बारीक खूण करा, तिचा फोटो ठेवा. पॅकिंगचा व्हिडिओ एकसलग हवा, मध्ये तोडलेला चालत नाही.

खोडण्याआधी काढलेला एकच फोटो माझ्याकडे उरलाय, एका दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानाचा. अण्णांनी अंक वाचून संपवल्याची तारीख त्यावर दिसते. जुन्या अंकांचा गठ्ठा कुणाला विकायला आला तर शेवटचं पान उजेडात तिरपं धरून बघा. अण्णा पेन्सिल फार दाबून लिहायचे. शिसं खोडलं गेलं तरी कागदावर वळ राहतो.